खटका

भाचा रविवारी जेवायला आला तो बुटांचा खोका काखेत मारून. झाकण काढलं तर आत एक छोटी मोटार, तीन दातेरी चाकं, पितळेच्या दोन काळवंडलेल्या पट्ट्या आणि वायरींचा गुंता. "एअरसॉफ्टची आहे, मामा," तो म्हणाला. नळी नाही, दस्ता नाही, बंदुकीचं नुसतं पोट! बंदूक जपानातल्या मित्राची. ती तिकडेच आहे, आजारी पोट तेवढं उपचारासाठी पुण्यात आलंय.

एअरसॉफ्ट हे मोठ्या माणसांचं खेळणं. जपानात खऱ्या बंदुका बाळगण्यावर कडक निर्बंध, म्हणून तिथल्या हौशी मंडळींनी हुबेहूब दिसणाऱ्या, पण 6 मिलिमीटरची प्लॅस्टिकची गोळी उडवणाऱ्या बंदुका काढल्या. पुढे 1991 साली तोक्यो मारुई कंपनीने त्यांत बॅटरी आणि मोटार घातली. मोटार चाकं फिरवते, चाकं स्प्रिंग ताणतात, स्प्रिंग सुटली की हवेच्या धक्क्याने गोळी बाहेर. डोळ्यांवर जाड चष्मे चढवून, आखलेल्या मैदानात हा खेळ चालतो. आमची धाव दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापर्यंत. त्याची टिकली दहात चारदा वाजायची आणि उरलेल्या सहा वेळा आम्ही तोंडाने "ठो" म्हणायचो.

"बिघडलंय काय पण?"

"खटका."

मराठीत या शब्दाला फार कामं. बंदुकीच्या चापाला खटका, दिव्याच्या बटणालाही खटका. गवई सुरावर हलकेच झटका देतो तोही खटका. मनात काही सललं की आपल्याला खटकतं, आणि दोन माणसांचं बिनसलं की त्यांच्यात खटके उडतात. भाच्याच्या खोक्यात हा शेवटचा अर्थ अगदी शब्दशः घडला होता. चाप ओढला की त्या दोन पट्ट्या एकमेकींना भिडतात आणि मोटारीचा सगळा प्रवाह, दहा-वीस अँपिअर किंवा सुरुवातीच्या क्षणी त्याहूनही जास्त, त्यांच्यातून धावतो. भिडताना ठिणगी, सुटताना ठिणगी. पितळ काळं पडतं, मग खडबडीत होतं आणि शेवटी पट्ट्या एकमेकींशी बोलणंच सोडतात.

"मग यावर उपाय?"

"मध्ये एक मॉस्फेट घालायचा."

त्यासाठी आम्ही बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. गल्लीचं नाव तपकिरीचं असलं तरी शिंक येते ती खोक्यांवरच्या धुळीने. एलईडीच्या माळा, पंख्यांचे रेग्युलेटर, पुड्यांत बांधलेले रेझिस्टर. दुकानदाराने चष्म्यावरून पाहत विचारलं, "कशाला पाहिजे?" भाचा म्हणाला, "मोटारीला." पुण्यात एवढं उत्तर पुरत नाही. "मोटार किती व्होल्टची? बॅटरी कुठली?" अशी उलटतपासणी झाल्यावरच नखाएवढा, तीन पायांचा तो काळा तुकडा आमच्या हाती पडला.

रात्री जेवणाच्या टेबलावर भाच्याने डाग द्यायला घेतले. त्याने सांगितलं ते मला समजलं तसं सांगतो. मॉस्फेटच्या तीन पायांपैकी एक गेट. गेटला प्रवाह जवळजवळ लागतच नाही, नुसता व्होल्टेजचा इशारा पुरतो. बोटाखालचं नाजूक बटण गेटच्या कानात सांगतं आणि मोटारीचा भार उरलेले दोन पाय वाहतात. बटणाला ठिणगी ठाऊकच नाही.

आपल्या बालेवाडीच्या नेमबाजीच्या रेंजवरही असा हलका चाप काहींच्या हातात असतो. स्पर्धेच्या काही एअर पिस्तुलांना इलेक्ट्रॉनिक चाप असतो. बोटाने नुसता संपर्क जोडायचा, पुढचं काम वीज करते. तरी 10 मीटर एअर पिस्तुलाचा चाप निदान 500 ग्रॅम वजन पेलेल इतका जड हवा, असा नियम आहे. अर्धा किलो बाकरवडीची पिशवी एका बोटाला अडकवून पाहा, म्हणजे अंदाज येईल. रायफलीला ती अटही नाही. बोट जितकं निवांत तितका नेम स्थिर, असं हलक्या चापामागचं गणित.

मॉस्फेटचं हे काम ऐकता ऐकता मला माझी आई दिसायला लागली.

आमच्याकडे बाबा म्हणजे मोटार. मी थेट जाऊन "सहलीला पैसे हवेत" म्हटलं की ठिणगी उडालीच. म्हणून मी आईच्या कानात सांगायचो. ती वेळ बघायची, दुसरा चहा पोटात जाऊ द्यायची, आणि सकाळी माझ्या दप्तरावर नोट ठेवलेली असायची. मॉस्फेटच्या गेटपासून एक मोठा रेझिस्टर खाली जोडावा लागतो. कुणी काही सांगत नसेल तेव्हा गेटने आपल्या मनाने काही ठरवू नये, उत्तर "नाही" असंच राहावं, यासाठी तो. आईचंही तसंच होतं. मी मागितलंच नाही, तर ती माझ्या वतीने कधी मागायची नाही.

भाच्याचा पहिला मॉस्फेट जळाला. त्याने डायोड गाळला होता. गंमत म्हणजे तो जळाला मोटार चालू असताना नव्हे, बंद करताना. प्रवाह तोडला तरी मोटारीच्या वेटोळ्यांतली ऊर्जा लगेच विझत नाही. ती उसळून उलटी येते आणि मधल्याला जाळते. मोटारीला आडवा डायोड जोडला की तिला तिथल्या तिथे घिरट्या घालत शांत व्हायला वाट मिळते.

आमच्या घरचा डायोड होती पर्वतीची टेकडी. भांडण थांबलं तरी बाबा धुमसत असायचे. मग चपला घालून निघायचे, त्या 103 पायऱ्या चढून-उतरून यायचे आणि दारातूनच विचारायचे, "भाजी कसली आहे?" ज्या पावसाळी संध्याकाळी पर्वती चढता यायची नाही, त्या संध्याकाळचा उलटा झटका आई सोसायची.

दुसऱ्या खेपेला डायोड लावला. बटण दाबलं, मोटार बिनतक्रार फिरली. मी भाच्याच्या पाठीवर थाप मारली, तर तो मॉस्फेटला बोट लावून बसलेला. "गरम होतोय बघ, मामा. भार याच्यातून जातोय ना. याला पाठीला ॲल्युमिनियमची पट्टी लावायला हवी, उष्णता निघून जायला."

आईच्या पाठीला अशी पट्टी आम्ही कधी लावली नाही. घरात खटके उडत नव्हते म्हणजे सगळं आलबेल आहे, असंच आम्हाला वाटायचं. तुमच्या घरातही असा मधला कुणी असेल. आज संध्याकाळी त्याच्यापाशी दोन मिनिटं बसा आणि किती तापलाय ते एकदा बघा.