लेन्सकॅप यांस अनावृत पत्र

श्रीयुत लेन्सकॅप यांस,
स. न. वि. वि.

मावसभावाच्या लग्नाचा रोल धुऊन आला. निगेटिव्हच्या कडेला १ ते ३६ आकडे सुबक उमटलेत, मधे मात्र नितळ, पारदर्शक फिल्म. मंगलाष्टकं संपल्यावर भटजींनी वधूवरांमधला अंतरपाट दूर केला. फिल्म आणि उजेड यांच्यामधला आपण शेवटच्या फ्रेमपर्यंत धरून ठेवलात. कॅमेरा चालवणारे काका अजून शपथेवर सांगतात, की सगळं स्वच्छ दिसत होतं. दिसतच असणार! रेंजफाइंडरची खिडकी लेन्सच्या वर, वेगळी. तिला खाली काय चाललंय याचा पत्ता नसतो.

एसएलआरवर आपली डाळ शिजत नाही. तिथे आरशातून लेन्समधलंच दृश्य डोळ्याला येतं, त्यामुळे आपण चढलात की मिट्ट काळोख. म्हणून आपण मुक्काम ठोकलात तो १९५४च्या लायका एम३सारख्या मीटर नसलेल्या साध्याभोळ्यांकडे. १९८४च्या एम६चा मीटर शटरच्या पडद्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून उजेड मोजतो आणि लाल बाण पेटवून आपली चुगली करतो. कॅनोनेट क्यूएल१७ जीथ्री त्याहून खमका. त्याचा मीटर फिल्टरच्या कड्याच्या आतच बसलेला; ऑटोवर असताना आपण तोंड झाकलंत, तर तो शटर दाबूच देत नाही. याशिका इलेक्ट्रो ३५ मात्र आपली लाडकी असणार. तिचा मीटर लेन्सबाहेर, कॅमेऱ्याच्या अंगावर. तो भर उन्हाचा बिनचूक हिशेब करतो आणि त्या हिशेबाने आतल्या अंधाराचा फोटो निघतो.

आपले चुलतबंधू फिल्टर काही फार सज्जन नाहीत. लाल फिल्टर चढलेला राहिला तरी खिडकीतलं जग रंगीतच दिसतं आणि बिनमीटरच्या कॅमेऱ्यात तीनेक स्टॉप उजेड गुपचूप गायब होतो. यूव्ही फिल्टर रात्री रस्त्यावरच्या दिव्यांची भुतं उठवतो. पण निदान फोटो तरी येऊ देतो.

आता आपली एकमेव खरी बाजू. लायकाचं शटर कापडी, पुढे आरसा नाही. उघडी लेन्स सूर्याकडे राहिली तर भिंगाखाली कागद जळावा तसं पडद्याला भोक पडतं. यूव्ही फिल्टर ते थांबवू शकत नाही, आपण थांबवता. हे मान्य. म्हणून बडतर्फी न करता बदली केली आहे: कॅमेरा बॅगेत असताना किंवा उन्हात टेबलावर ठेवताना आपण कामावर. गळ्यात असताना हूड आणि यूव्ही फिल्टर बघून घेतील. सूर्य समोर आला तर काका लेन्स खाली वळवतील, तेवढं त्यांना जमतं.

आपल्याला दोरीने कॅमेऱ्याला बांधून ठेवावं, म्हणजे हरवणार नाही, हा आपला अर्ज मिळाला. नामंजूर.

कळावे.