पेढी मोडायची, पण हिशेब?

स्कॉटलंडच्या मतदारांना १८ सप्टेंबर २०१४ रोजी एकच प्रश्न विचारला गेला: स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का? प्रश्नाचा पहिला मसुदा 'तुम्हाला मान्य आहे का' असा सुरू होत होता. तिथल्या निवडणूक आयोगाने तेवढे शब्द छाटले. मान्य आहे का असं विचारलं की माणूस भिडेखातर मान डोलावतो, असं आयोगाचं म्हणणं. हा आयोग चार दिवस आपल्या ग्रामसभांतून हिंडवून आणायला हवा. निम्मे ठराव जागीच पडतील.

एका ओळीच्या प्रश्नाचं उत्तर देणं सोपं जावं म्हणून स्कॉटलंड सरकारने साडेसहाशेहून जास्त पानांची श्वेतपत्रिका काढली. गोव्याने जानेवारी १९६७ मध्ये महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही ते ठरवलं, तेव्हा विलीनीकरणाला फूल आणि वेगळं राहायला दोन पानं, एवढ्यावर काम भागलं होतं. फूल आपलं होतं. चौतीस हजार मतांनी पानं जिंकली आणि तेव्हापासून आपण तिथे फक्त सुट्टीला जातो.

श्वेतपत्रिकेत स्वातंत्र्यदिनाची तारीखसुद्धा ठरली होती, २४ मार्च २०१६. स्वतंत्र झाल्यावर पौंड राहणार होता, राणी राहणार होती, नाटो राहणार होतं, युरोपीय संघ राहणार होता. बीबीसीवरच्या लाडक्या मालिका चालू राहतील असंही त्यात लिहून दिलं होतं. फासलेनच्या तळावरच्या अणुपाणबुड्या तेवढ्या जाणार होत्या. आमच्या लोकमान्यांनी स्वराज्य मागितलं तेव्हा इंग्रजी नाटक कंपनीचे प्रयोग चालू ठेवण्याची अट घातली नव्हती, पण काळ बदलतो.

पौंडाची गोष्ट निघाली की लंडनला एकदम आठवण झाली की पौंड आपला आहे. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये जाहीर केलं, वेगळे व्हाल तर चलन सामाईक राहणार नाही. गंमत अशी की स्कॉटलंडच्या तीन बँका आजही स्वतःच्या पौंडाच्या नोटा छापतात आणि लंडनचा दुकानदार त्या नोटा उजेडात धरून उलटसुलट बघतो. एक देश, एक चलन, फक्त गल्ल्यावरच्या माणसाला ते पटलेलं नाही.

लोक या सगळ्याकडे राष्ट्र, अस्मिता, गुलामी वगैरे चष्म्यांतून बघतात. मला विचाराल तर ही भागीदारीतली एक जुनी पेढी आहे आणि धाकट्या भागीदाराला आता बाहेर पडावंसं वाटतंय. पेढी सुरू झाली तीच मुळी एका दिवाळ्यातून. १६९८ मध्ये स्कॉटिश मंडळींनी पनामाच्या दारियेन किनाऱ्यावर वसाहत करायला जहाजं पाठवली. कल्पना विल्यम पॅटरसनची, म्हणजे बँक ऑफ इंग्लंडचा पाया घालणाऱ्या स्कॉटिश माणसाची. देशातल्या थोरामोठ्यांनी पैसा ओतला आणि विषुववृत्ताजवळच्या दमट जंगलात विकायला माल नेला लोकरीचं कापड आणि केसांचे टोप. ताप, उपासमार आणि स्पॅनिश तोफा यांनी दोन वर्षांत कारभार आटोपला. मग १७०७ मध्ये इंग्लंडशी एकीकरण झालं आणि इतर कलमांबरोबर ३,९८,०८५ पौंड स्कॉटलंडला मिळाले. त्यातून दारियेनमध्ये बुडालेल्या भागधारकांची भरपाई झाली. त्याच वर्षी मार्च महिन्यात आमच्या नगरला औरंगजेब वारला आणि एक साम्राज्य फुटायला लागलं. एकीकडे मोडलं, दुसरीकडे जमलं. करार अंमलात आला तो दिवस १ मे. बरोबर त्याच तारखेला १९६० साली आपण गुजरातपासून वेगळे झालो. कॅलेंडरला राजकारण कळत नाही.

भरपाईपोटी दिलेल्या रोख्यांभोवती जमलेल्या मंडळींतूनच १७२७ मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड उभी राहिली. २००८ मध्ये ती बँक गाळात गेली तेव्हा ब्रिटिश तिजोरीने तिच्यात ४,५०० कोटी पौंड घातले. म्हणजे तीनशे वर्षांत पेढीने धाकट्याला दोनदा बुडताना धरलं. पैसे दिले त्या सरकारचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन, स्कॉटिश. अर्थमंत्री अॅलिस्टर डार्लिंग, एडिनबराचे खासदार आणि २०१४ मध्ये 'नाही'च्या प्रचाराचे म्होरके. आणि 'हो'चे सेनापती अॅलेक्स सामंड कोण? ऐंशीच्या दशकात याच रॉयल बँकेत तेलाचे अर्थतज्ज्ञ. दोन्ही बाजूंचे वकील एकाच पेढीच्या खतावणीतून बाहेर पडलेले! श्वेतपत्रिकेत उत्तर समुद्राच्या तेलाचा भाव पिंपाला ११० डॉलरच्या वर धरला होता. नियोजित स्वातंत्र्यदिनाला दोन महिने असताना, जानेवारी २०१६ मध्ये, तो तिसाच्या खाली गेला. तेलाच्या अर्थतज्ज्ञाला तेलाने दिलेला हा अहेर.

मतदानाला अकरा दिवस राहिले असताना एका चाचणीत 'हो' ५१ टक्क्यांवर गेलं आणि लंडनला घाम फुटला. पंतप्रधान कॅमरन, उपपंतप्रधान क्लेग आणि विरोधी पक्षनेते मिलिबँड, तीन वेगवेगळ्या पक्षांचे पुढारी, बुधवारची संसदेतली प्रश्नोत्तरं सोडून उत्तरेकडे धावले. डाउनिंग स्ट्रीटवर स्कॉटलंडचा झेंडा चढवायला घेतला, तो पहिल्या प्रयत्नात घसरला. राणी चर्चबाहेर कुणाला तरी म्हणाली की लोकांनी नीट विचार करावा. शेवटी दोन दिवस उरले असताना एका वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जुन्या चर्मपत्रासारखं काहीतरी छापून आलं. त्यात व्यापक नव्या अधिकारांचं वचन आणि खाली तिघांच्या सह्या. ते बघून वऱ्हाडातला कुणीही वाचक गालातल्या गालात हसला असता. विदर्भाला वचनं देणाऱ्या १९५३ च्या नागपूर करारावरही भारदस्त सह्या आहेत. हिवाळी अधिवेशन भरतं, आमदारांना हुरडा मिळतो आणि अनुशेष जागच्या जागी राहतो.

निकाल लागला: ५५ विरुद्ध ४५. 'नाही' जिंकलं. जवळजवळ ८५ टक्के मतदान झालं. त्यात सोळा वर्षांची पोरंही होती. मात्र स्वातंत्र्याचा सर्वांत देखणा पुरस्कर्ता शॉन कॉनरी बहामात राहत असल्यामुळे मत देऊ शकला नाही. उलट कॉमनवेल्थ देशांतून येऊन तिथे रीतसर राहणाऱ्यांना मत होतं. म्हणजे कोथरूडहून एडिनबराला गेलेला संगणक अभियंता, ज्याला सोसायटीच्या पाणीबिलावरसुद्धा कुणी मत विचारत नाही, तो ग्रेट ब्रिटनचे दोन तुकडे करायचे की नाही हे ठरवू शकत होता. १९४७ मध्ये सर सिरिल रॅडक्लिफ यांनी पाच आठवड्यांत आपल्याकडे रेघ ओढली, तेव्हा सिल्हेट आणि सरहद्द प्रांत सोडून कुणाला मत विचारलं होतं हो?

पुढची गोष्ट झटकन सांगतो, कारण तिथे विनोद स्वतःच घडला, कुणाला लिहावा लागला नाही. 'वेगळे व्हाल तर युरोपीय संघातून बाहेर पडाल,' अशी २०१४ मध्ये भीती घातली होती. म्हणून बरेच जण थांबले. २०१६ मध्ये स्कॉटलंडने ६२ टक्के मतांनी युरोपात राहायचं ठरवलं आणि सगळ्या ब्रिटनबरोबर बाहेर पडला. मग पुन्हा मतदान घेऊ म्हटलं, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, लंडनच्या परवानगीशिवाय प्रश्नही विचारता येणार नाही. भागीदारी स्वेच्छेची आहे, बाहेर पडायची इच्छा आहे का हे विचारायचा हक्क मात्र थोरल्याकडे.

मी तिथे असतो तर 'हो' म्हटलं असतं. ज्या धंद्यासाठी पेढी काढली तो धंदा बुडून जमाना झाला, आता पाटी कशाला धरून ठेवायची? फक्त त्यांनी ते जोखडाचं आणि साखळदंडांचं बोलणं सोडावं. निदान मराठी माणसासमोर तरी. पेशवाई बुडवताना पुण्यात रेसिडेंट होता तो माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन डंबार्टनचा. साताऱ्याच्या गादीशेजारी बसून मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ बॅन्फचा. दुसऱ्या बाजीरावाला शरण आणून वर्षाला आठ लाखांचा तनखा ठरवणारा जॉन माल्कम डम्फ्रिसच्या बाजूचा. आणि बाजीराव वारल्यावर नानासाहेबांना तो तनखा नाकारणारा, सातारा आणि नागपूर गिळणारा लॉर्ड डलहौसी एडिनबराजवळच्या किल्ल्यातला. द्यायचं ठरवणारा स्कॉटिश, बंद करणारा स्कॉटिश! गाडीला जुंपलेले बैल हे नव्हते, हे पुढच्या बाकावर बसले होते, कासरा यांच्याच हातात होता.

२०१४ मध्ये डंबार्टन ज्या जिल्ह्यात येतं त्या वेस्ट डंबार्टनशरने 'हो' म्हटलं. देशातल्या फक्त चार भागांनी तसं म्हटलं, त्यातला हा एक. म्हणजे एलफिन्स्टनचं गाव बाहेर पडायला तयार आहे. कर्जाची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात, आठ टक्क्यांच्या आसपास, करायची अशी चर्चा तेव्हा होती. ब्रिटिश अर्थखात्याने मात्र जुनी सगळी सरकारी देणी आपण निभावू असं बाजाराला आधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे तनख्याच्या थकबाकीचा आमचा अर्ज एडिनबराला करायचा, लंडनला, की दोघांनाही प्रती जोडून, हे पुढच्या मतदानाआधी कळवलं तर बरं होईल. तनखा बाजीरावाच्या हयातीपुरताच होता असं डलहौसीचं म्हणणं होतं, हे आम्ही नाकारत नाही. शिवाय १८१७ च्या नोव्हेंबरात संगमावरचा एलफिन्स्टनचा बंगला त्याच्या पुस्तकांसकट आमच्याच लोकांनी जाळला होता. त्या पुस्तकांची त्या वेळच्या भावाने यादी पाठवावी, तेवढी रक्कम वजा करून घेऊ.