देवघरातली सुगंधा

अहो वहिनी, ऐकलंत का? बादली राहू द्या हो तशीच, आठव्या दिवशी नळ आलाय, अर्धा तास तरी जात नाही. इकडं या, भिंतीजवळ. कालच्या भिशीला तुम्ही नव्हता ना... काय सीन मिस केलात!

आपल्याकडं 2020 ला साहित्य संमेलन झालं, तेव्हापासनं बँकवाल्या वहिनींनी ठरवलंय की भिशीत नुसते पैसे नकोत, एक पुस्तकही हवं. या महिन्याला रणजित देसाईंचं ‘राजा रविवर्मा’. ‘स्वामी’वाले हो, तेच. ‘स्वामी’ म्हटलं की आमच्या आत्याबाईंचा पदर डोळ्याला जातो, रमाबाई आठवतात. त्याच भरवशावर त्यांनी हेही घेतलं वाचायला. आणि गाठ पडली सुगंधाशी, रविवर्म्यांच्या चित्रांना बसणाऱ्या कलावंतिणीशी! चष्माच काढून ठेवला. “तो चित्र काढणारा, अन् ही बया त्याच्यापुढं...” एवढंच म्हणाल्या. पुढचं गिळलं. सूनबाई चहा घेऊन आली होती ना!

तर काय सांगत होते... हां, भिशी. मास्तरीणबाईंकडं होती. मार्गशीर्षातला गुरुवार, आरती झाली, उपास सुटले, वाट्यांतनं गुलाबजाम आले. धाराशिवच्या गुलाबजामला नाही म्हणणारं माणूस मी तरी पाहिलं नव्हतं. काल पाहिलं. आत्याबाईंनी वाटी सरकवली अन् म्हणाल्या, “कलावंतिणीच्या भानगडी वाचायला भिशी काढलीय का?”

झालं! बँकवाल्या वहिनींचा चेहरा असा उतरला म्हणता. पुस्तक त्यांनीच आणलेलं. फौजदारीणबाईंना मात्र मजा. हळूच विचारतात कशा, “म्हणजे सुगंधा खरीच होती का हो?” मला तर वाटतं त्यांनी पुस्तक उघडलंच नव्हतं. ‘रंगरसिया’ सिनेमा पाहिलाय त्यांनी, मोबाईलवर. याच कादंबरीवरनं काढलेला. 2008 ला तयार झाला अन् थेटरात यायला 2014 उजाडलं, इतका वाद त्याचा.

तेव्हा मास्तरीणबाई बोलल्या. तुम्हाला त्यांचा आवाज माहितीय, वर्गात मागच्या बाकापर्यंत जातो. म्हणाल्या, “सुगंधा देसाईंच्या मनातली. पण तुम्हीच सांगा, त्या काळात घरंदाज बाई परक्या पुरुषापुढं तास न् तास बसली असती का? रविवर्मा पडले केरळातले, किळिमानूरचे. मुंबईत त्यांच्या चित्रांना बसल्या त्या गोव्याकडच्या गाणाऱ्या घरांतल्या बायका. अंजनीबाई मालपेकर त्यांतल्याच.”

आता अंजनीबाई म्हणजे काय साधं नाव झालं? भेंडीबाजार घराण्याच्या, नजीर खाँसाहेबांच्या शिष्या. रूप तर असं की लोक गाणं ऐकायचं सोडून बघतच बसायचे म्हणे. भर बहरात बाईंनी मैफली सोडल्या आणि शिकवायला बसल्या. कुमार गंधर्व त्यांच्याकडं शिकले, किशोरीताई शिकल्या. 1958 ला संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली, बायकांत पहिल्या त्याच! 1974 ला गेल्या, नव्वदी ओलांडून. सिनेमातली सुगंधा जिवाला मुकते हो... खऱ्या अंजनीबाई चांगल्या ताठ मानेनं जगल्या. हे सांगताना मास्तरीणबाईंनी अशी मान वर केली, जशी फेलोशिप ह्यांनाच मिळालीय!

पण खरी गंमत पुढंच. ऐका तर.

त्यांनी बोट केलं पूजेकडं. कलशामागं त्यांच्या सासूबाईंच्या माहेरची जुनी तसबीर आहे बघा, कमळावर उभी लक्ष्मी, बाजूला हत्ती, काच कोपऱ्यात तडकलेली. म्हणाल्या, “ही रविवर्म्यांचीच. 1894 ला त्यांनी मुंबईत छापखाना टाकला, जर्मनीहून मशिनी आणून. पुढं तो मळवलीला गेला. तिथनं ही घरोघर पोचली. हा चेहरा कुणातरी बाईवरनंच उतरवला असेल ना? आणि ती बाई कुठल्या घरची, ते आत्ताच सांगितलं.”

अहो, सुई पडली तर ऐकू आली असती! फौजदारीणबाईंचा गुलाबजाम चमच्यात तसाच, पाक साडीवर गळतोय. आणि सगळ्यांच्या नजरा आत्याबाईंकडं. अर्ध्या तासापूर्वी त्यांनीच तिला ओवाळलं होतं ना!

आत्याबाई उठल्या. मला वाटलं, आता चपला घालतात. पण गेल्या त्या तसबिरीपाशी. कुंकू जरा ओघळलं होतं काचेवर, ते पदरानं निपटलं. वाकून बघितलं चेहऱ्याकडं, चांगलं मिनिटभर. म्हणाल्या, “पन्नास वर्षं झाली, हिच्यासारखीच एक आमच्या घरी आहे. पोरं मागितली, पाऊस मागितला. तू कुणाच्या घरची, असं कधी विचारलं नाही बाई.” आणि येऊन वाटी ओढली. दोन खाल्ले!

हसताय काय? मीही हसले. पण रात्री झोप येईना हो. ती आपल्या कोपऱ्यावरच्या खोलीत राहते ती... कलाकेंद्रात गायला जाते ती. दोन वर्षं झाली तिला येऊन. मागच्या गुरुवारी दारात उभी होती, आपण दोघी हळदीकुंकवाचं तबक घेऊन तिच्यासमोरनं गेलो. तुम्ही मोबाईलमधे बघितलंत, मी आभाळात. आणि तिचा चेहरा कसा झाला होता, ते मी काल कुणाला सांगितलं नाही, तुम्हालाच सांगते... मला तो नीट दिसला होता.

तर, येत्या गुरुवारी माझ्याकडं उद्यापन आहे. मग अमावास्येला येळवस, तिच्या भज्जी-आंबिलाच्या गडबडीत काही जमायचं नाही. तिला बोलवायचं, हे ठरलं. ओटी मी भरते. फक्त निरोप द्यायला माझ्याबरोबर चला, एकटीला अवघडल्यासारखं होतंय... अगं बाई, तुमची बादली वाहिली!