सिलतऱ्याच्या ठेकेदार साहेबांना खुले पत्र

आदरणीय ठेकेदार साहेब,


रायपूरजवळच्या सिलतऱ्यातल्या आमच्या क्वार्टर्सचं वायरिंग आपल्या शुभहस्ते झालं, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्यासारख्या जाणत्या माणसाने आमच्यासाठी वेळ काढला, हेच केवढं!

शेजारी स्पंज आयर्नच्या भट्ट्या, डोक्यावर पत्रा आणि मे महिन्यात ४५ अंशांना टेकणारा रायपूरचा पारा. अशा जागेसाठी आपण नेमकी साधी पीव्हीसी वायर निवडलीत. तिचं आवरण ७० अंशांपर्यंतचं. पत्र्याखालची हवाच इतकी तापते, की वायरीतून करंट वाहताना होणाऱ्या उष्णतेला फारसा वाव उरत नाही. त्यात दिवसरात्र कूलर. ८५ अंश सोसणारी एचआर वायर बाजारात मिळते. पण बंडलामागे चार पैसे वाचवायचे होते. कोणाचे, ते विचारण्याचा उद्धटपणा मी करणार नाही.

परवा कूलरच्या स्विचबोर्डाची प्लेट उघडली. टर्मिनलपाशी लाल आवरण तपकिरी पडलेलं. वायर जरा वाकवली तर त्याचे तुकडे गळून हातात आले, आत उघडं तांबं. आपल्या कारागिरीचं दर्शन घडलं, धन्य झालो.

तक्रार केली तेव्हा आपण किती मायेने समजावलंत! “एफआर लिहिलंय ना, मग जळायची नाही.” साहेब, एफआर आवरण ज्वाळा वायरीवरून पुढे पसरू देत नाही, इतकंच. त्याने वायर जास्त उष्णता सोसत नाही आणि धूरही थांबत नाही. पीव्हीसी जळलं की काळ्या धुराबरोबर हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि श्वासनलिकेच्या ओलाव्यात त्याचं आम्ल होतं. म्हणून धूर कमी करणारी एफआरएलएस असते, आणि हॅलोजनच नसलेली एचएफएफआर.

बिलात आपण एफआरएलएसच लावलीत, हे विसरून कसं चालेल? पाइपात मात्र साधी एफआर निघाली. आपल्या कृपेने आमचं बिल तरी सुरक्षित आहे.

रायपूरहून नागपूरला जाताना भंडारा लागतं. तिथल्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. त्यातली ७ धुराने गुदमरली, असं तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं होतं. तिथे दोष वायरीचा होता असं मी म्हणत नाही. धूर काय करतो, ते सांगतोय. आमच्याही क्वार्टर्समध्ये पाळणे आहेत, साहेब.

तेव्हा हात जोडून विनंती, पत्र्याखालची सगळी वायर उपसा. जागा किती तापते आणि तिथे कोण झोपतं, या दोन्ही गोष्टी पाहून नवी निवडा, आणि बंडलं आमच्यासमोर फोडा. पाइपं तीच चालतील.

कळावे, लोभ असावा. आमच्यावर असो-नसो, लेकरांवर असावा.

आपला कृपाभिलाषी,
एक रहिवासी

ता. क. वाचकहो, घराचं काम काढलंत तर वायर पाइपात ओढण्याआधी बंडल स्वतः हातात घ्या. त्यावर आयएसआयचं चिन्ह, पीव्हीसीसाठी आयएस ६९४ किंवा एचएफएफआरसाठी आयएस १७०४८, आणि परवान्याचा सीएम/एल क्रमांक पाहा. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर खरा-खोटा कळतो. प्लास्टर झाल्यावर तपासायला बंडल उरत नाही.