टाकू नका, इकडे द्या

शिवणकाकू बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाहीत. नजर आधी कॉलरवर जाते, तिथून बाहीवर उतरते, गुडघ्यापाशी जरा रेंगाळते आणि एवढी तपासणी झाल्यावर त्या विचारतात, "काय, बरं चाललंय ना?" हा प्रश्न आपल्याला आहे, असं नवख्या माणसाला वाटतं. तो पँटला असतो.

अशा एक काकू प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांचं आडनाव कुणाला ठाऊक नसतं, कुरिअरवालासुद्धा खाली वॉचमनला "मशीनवाल्या काकू कितव्या मजल्यावर?" असंच विचारतो. घराची खूण म्हणजे दारातलं पायपुसणं. जुन्या साड्यांच्या पट्ट्यांची वेणी घालून ती गोल फिरवत शिवलेली. त्यात मधेच जरीची एक पट्टी चमकते, त्यामुळे इथे पाय पुसावेत की नमस्कार करावा, असा पेच पाहुण्याला पडतो. आत सोफ्यावर गेल्या दिवाळीपर्यंतचे पडदे बसलेले असतात. हात टेकावा तर पडद्याची स्टीलची कडी लागते. उशांचे अभ्रे काकांच्या शर्टांचे. यात अक्कल आहे हे मान्य करायलाच हवं. शर्टाची बटणपट्टी तशीच ठेवली की अभ्र्याला वेगळं तोंड करावं लागत नाही. उशी आत सरकवायची, बटणं लावायची, झालं. खिसाही तसाच ठेवलेला. दुपारी आडवं होताना चष्मा कुठे ठेवायचा, हा प्रश्न त्या घरात कधीच सुटला आहे.

या सगळ्यात काकांची परिस्थिती नाजूक. त्यांचा कुठलाही कपडा काकूंनी जाहीर केलं की संपतो, मग तो त्यांच्या अंगावर का असेना. कॉलर मानेशी विरली की काकू ती उसवून, उलटी करून लावतात. आतली कोरी बाजू वर येते आणि शर्टाला मुदतवाढ मिळते. दुसरी बाजूही विरली की मात्र अपील नाही. शर्टावर खडूच्या रेघा दिसू लागतात. एकदा काका पेन्शनच्या कामासाठी बँकेत रांगेत उभे होते, तेव्हा मागच्या गृहस्थांनी त्यांना हळूच विचारलं, "पिशव्या केवढ्याला देता?" पाठीवर खडूनं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'पिशव्या दोन, बाह्यांचे बंद'. काका शांतपणे म्हणाले, "अजून शिवायच्यात." तो शर्ट घालून ते घरी परत आले, एवढंच काकूंना महत्त्वाचं वाटलं.

चादरींचं प्रकरण याहून खोल आहे. चादर नेहमी मधोमध विरते आणि कडा शाबूत राहतात. काकू ती उभी फाडतात, दोन्ही कडा मधे आणून जोडतात. विरलेला भाग दोन्हीकडे गादीखाली जातो. याला दंड घालणं म्हणतात आणि ही विद्या काकूंना आईकडून आली. 1943 साली, महायुद्ध चालू असताना, सरकारनं कापडावर कंट्रोल आणला, तेव्हा काकूंच्या आईचं नुकतंच लग्न झालं होतं. अंगावरच्या लुगड्याला दंड, त्याचा जीव गेला की पोरांची झबली, झबल्यांतून उरलेलं दुपट्याला, दुपटं फाटलं की गोधडीच्या पोटात. आईनं कंट्रोल सोसला. लेकीनं तो उठल्याचं अजून मान्य केलेलं नाही. चादरीच्या मधोमध येणारी जाड शिवण काका सरहद्द मानतात. रात्री काकूंचा हात पलीकडून आला तर "टीप ओलांडलीत" असं म्हणतात. संसारातला हा एवढाच विनोद काकांच्या वाट्याला आला आहे.

यावरून काकू चिक्कू आहेत असं कुणी समजेल, तर ते साफ चूक. फुकटच्या साडीची पिशवी त्या शिवतात खरी, पण तिला जुळणारा दोरा घरात नसतो. निळ्या दोऱ्याच्या पंधरा रिळांमध्ये 'तो' निळा नसतो. मग रिक्षा करून तुळशीबाग. तिथे दोऱ्याबरोबर चेन, अस्तर, पायपिंगची पट्टी, आणि आलोच आहोत तर मशीनची नवी वादी. येताना पुन्हा रिक्षा. ही फुकटची पिशवी हिशेबानं तीनशे रुपयांच्या घरात जाते आणि ती काकू तुम्हाला तशीच देऊन टाकतात. पैसे विचारले तर रागावतात. पैसा गेला तर त्यांना काही वाटत नाही. कापड गेलं, म्हणजे केराच्या डब्यात गेलं, तर त्या दिवशी जेवण जात नाही.

त्यांना कपडा उसवताना एकदा बघावं. पँट मांडीवर आडवी घेतात. शिवणीतला दर चौथा टाका ब्लेडच्या टोकानं कापतात, मग पँट उलटून मागचा दोरा एका टोकाला धरून ओढतात. सर्रकन अख्खी शिवण उलगडते, कापडाला कुठे ओरखडा नाही. निघालेला दोरासुद्धा बोटाला गुंडाळून ठेवतात, धावदोऱ्याला होतो म्हणून. बटणं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, हुक गोळ्यांच्या बाटलीत, चेन एका खिळ्याला टांगलेल्या. नेफ्यातली नाडी वेगळी. खिशाच्या आतलं पांढरं कापड वेगळं. त्याची पुरणाची पुरचुंडी उत्तम होते, पण ते पुरण खाताना आपण हा विचार न केलेला बरा. शेवटी उरलेली शिवणीची दोरीसारखी पट्टी काकू खिडकीतल्या मिरचीच्या रोपाला आधाराला बांधतात. बोकडाचं काहीच वाया जात नाही, असं खाटीक अभिमानानं सांगतो. त्यानं एकदा काकूंकडे शिकवणीला यावं.

जगातल्या सगळ्या बोहारणी घरोघरी भांडी देतात आणि जुने कपडे नेतात. काकूंच्या दारात हा व्यापार उलटा चालतो. बोहारीण टोपली उतरवते, काकू तिचं गाठोडं सोडायला लावतात आणि चाळायला बसतात. "अगं, हे नारायणपेठी आहे! कुणी दिलं? काठ बघ, शाबूत आहे." मग आतून एक पातेलं येतं. बोहारीण ते बोटानं वाजवून बघते, बुडाशी पातळ आहे म्हणते, वर एक गाळणं मागते. घासाघीस तासभर चालते. काकूंच्या लग्नातली भांडी अशी एकेक करून बोहारणीकडे गेली. हल्ली घरात चहा नेमक्या तीनच जणांचा होऊ शकतो. चौथ्या पाहुण्याला गोधडी दाखवतात.

कापडाची परीक्षा हा काकूंचा प्रांत. दुकानदार 'प्युअर' म्हणाला की त्यांच्या भुवया वर जातात. त्यांची पद्धत जुनी आणि चोख आहे: एक धागा काढायचा आणि काडी लावायची. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि काळी राख बोटानं चुरडते. पॉलिस्टर आधी आक्रसतं, मग वितळून त्याचा कडक मणी होतो. हे ज्ञान त्यांनी घरात ठेवलं असतं तर प्रश्न नव्हता. एका लग्नात व्याहीण बाई शालूची किंमत तिसऱ्यांदा सांगत होत्या. काकू म्हणाल्या, "पदराच्या गोंड्यातला एक धागा बघू?" काडेपेटी भटजींकडून घेतली. मांडवात तेवढ्यापुरती शांतता झाली. मणी झाला. चांगला टपोरा, काळा मणी. काकूंनी तो तळहातावर घेऊन व्याहीण बाईंना प्रेमानं सांगितलं, "धुवायला मात्र फार सोपा हो." त्या सोयरिकीत काकूंना पुढच्या एकाही कार्याचं आमंत्रण आलं नाही. काकूंना वाटतं, पोस्टानं गहाळ होतात.

पण काकूंचं समाजावरचं सगळ्यात मोठं ऋण ब्लाऊजपीसच्या बाबतीत आहे. मराठी घरातला ब्लाऊजपीस शिवण्यासाठी नसतो. तो 80 सेंटिमीटरचा असतो, ज्यात कुणाचंही काही बसत नाही, आणि तो ओटीतून ओटीत फिरत राहतो. आपण दिलेला पीस चार हळदीकुंकवं फिरून, घडीही न मोडता आपल्याच ओटीत येतो आणि आपण "अय्या, किती गोड रंग" म्हणतो. काकूंनी हे चक्र मोडलं. हाती आलेला पीस त्या थेट मशीनखाली घालू लागल्या. बायकांमध्ये घबराट पसरली. पीस परत येईनात, तेव्हा संक्रांतीला नवे विकत आणायची वेळ आली.

मग काळच काकूंच्या मागे धावत आला. 23 जून 2018 पासून राज्यात प्लास्टिकबंदीचा दंड सुरू झाला, पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये. ज्यांनी आयुष्यभर काकूंना नाकं मुरडली त्या सगळ्या जिन्यात रांग लावून उभ्या. आठवडाभरात अख्खी सोसायटी काकूंच्या पिशव्या घेऊन मंडईत जाऊ लागली. अडचण एकच झाली. भाजीवाला कोथिंबीर टाकता टाकता म्हणायचा, "हा तळमजल्यावरच्या साहेबांचा सफारी ना? चांगला होता." 2020 च्या एप्रिलमध्ये मुंबईत मास्क सक्तीचा झाला आणि साठवलेल्या ब्लाऊजपिसांचं सोनं झालं. जागतिक आरोग्य संघटनेनं तीन थरांच्या कापडी मास्कचा सल्ला जूनमध्ये दिला. काकू पहिल्यापासून चार थर घालत होत्या आणि आतून मलमल. नाकावर खणाचे काठ आले होते, हे खरं. पण त्या काळात वरच्या मजल्यावरचे कडक स्वभावाचे निवृत्त प्राचार्य मोरपंखी मास्क लावून दुधाच्या रांगेत उभे राहिलेले आम्ही पाहिले. आमच्या पिढीला एवढं पुरे.

इतिहासाबद्दल काकूंची मतं स्वतंत्र आहेत. पानिपत म्हटलं की मराठी माणसाला 14 जानेवारी 1761 आठवतो आणि त्याचा आवाज जड होतो. काकूंचा चेहरा उजळतो. कारण आज त्या गावात जगभरातले जुने लोकरी कपडे येतात. स्वेटर, कोट, सगळं. बटणं-चेन काढायच्या, रंगांप्रमाणे ढीग करायचे, कपडे यंत्रात पिंजून पुन्हा तंतू करायचे, त्याचं सूत कातायचं, त्या सुताची ब्लँकेटं. पूर आला, भूकंप झाला की मदतीत जी करड्या रंगाची जाड ब्लँकेटं वाटतात त्यांतली पुष्कळशी तिथलीच. रंगांप्रमाणे ढीग केल्यामुळे नव्यानं रंगवायलाही लागत नाही, हे सांगताना काकूंचा कंठ दाटून येतो. सदाशिवरावभाऊंबद्दल त्यांना आदर आहे, पण गावाला बोल लावू नये असं त्यांचं म्हणणं.

देवघराशेजारी, मशीनच्या वर, गाडगेबाबांचा फोटो आहे. बाकीचे लोक बाबांना झाडूसाठी हात जोडतात. काकूंची भक्ती त्यांच्या अंगावरच्या गोधडीवर आहे.

सगळंच काही जमतं असं नाही, हेही सांगायला पाहिजे. जीन्सच्या चार पायांची त्यांनी केलेली प्रवासी पिशवी रिकामीच इतकी जड होती की तिच्यात काही भरायचा विचार मनात येत नसे. छत्रीच्या कापडाचा रेनकोट सहा ठिकाणी शिवला होता आणि त्या सहाही ठिकाणी गळला. एका भाचीसाठी तिच्या आजीच्या नऊवारीचा पाश्चात्त्य गाऊन शिवला. साडीत आठ मीटर कापड असल्यानं ते सगळं वापरायचंच, या हट्टापायी गाऊनला इतक्या कळ्या पडल्या की ती मुलगी लिफ्टमध्ये एकटीच मावत असे. भाची ते काकूंना सांगू शकली नाही. तिनं तो गाऊन नीट घडी करून बोहारणीला दिला. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. एक पातेलं आणखी कमी झालं.

हल्ली पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत ठिगळं लावलेलं जाकीट साडेतीन हजाराला मिळतं. सूनबाईंनी काकूंना मुद्दाम दाखवायला नेलं. काकूंनी जाकीट उलटं केलं, आतली बाजू पाहिली आणि स्टॉलवरच्या मुलीला विचारलं, "बाळ, ही ठिगळं कशावर लावलीस? खाली फाटलंय कुठे?" खाली फाटलेलं नव्हतं. चांगलं नवं कापड कापून त्याचे तुकडे केले होते आणि ते चांगल्या नव्या कापडावर लावले होते. काकू मटकन खुर्चीवर बसल्या. त्यांना पाणी द्यावं लागलं.

मागच्या अधिक महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये गीतेवर प्रवचन होतं. दुसरा अध्याय, बाविसावा श्लोक. बुवांनी फार रसाळ निरूपण केलं. माणूस जसा जुनी वस्त्रं टाकून नवी धारण करतो, तसाच आत्मा एक देह टाकून दुसऱ्यात जातो. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. शंका असल्यास विचारा, असं बुवा म्हणाले. मागच्या रांगेतून काकू उठल्या.

"टाकून म्हणजे कुठे टाकून?"

बुवांना प्रश्न कळला नाही. काकूंनी सोपा करून सांगितला. "नवी घेतली, ठीक आहे. ती जुनी टाकली, त्यांचं पुढे कोण काय करतं? ते पुढच्या श्लोकात आहे का?"

पुढच्या श्लोकात आत्म्याला शस्त्र कापत नाही, अग्नी जाळत नाही, असं आहे. बुवांनी ते सांगून पाहिलं. शुद्ध सूत असेल तर जळतं, असं काकू म्हणाल्या. बुवांनी घड्याळ पाहिलं, मग हात जोडले. "माउली, त्या वस्त्रांचं पुढे काय, तेवढं भगवंतांनी सांगितलेलं नाही."

"सांगितलेलं नाही म्हणजे बायकांवर सोपवलंय," काकू म्हणाल्या, खाली बसल्या आणि शेजारी बसलेल्या सेक्रेटरींना विचारू लागल्या, की हॉलचे हे पडदे कमिटी यंदा बदलणार आहे की कसं.