मॅन्युअल लिहायचं, पण कशात?

पंपाच्या खोक्यात एक पुस्तक असतं. ते कुणी वाचत नाही. पंप जळाला की मात्र सगळं घर ते शोधायला लागतं. ही पुस्तकं लिहिणाऱ्या जमातीला टेक्निकल रायटर म्हणतात. मी त्यांपैकी एक. आत्या नातेवाइकांत माझी ओळख ‘चाकणला टायपिंग करतो’ अशी करून देते. तिचं फारसं चुकत नाही. फरक इतकाच, की टायपिस्टला यंत्र मिळतं, आम्हाला मीटिंग मिळते.

सॉफ्टवेअर निवडायची मीटिंग म्हणजे सोसायटीच्या रंगकामाची सर्वसाधारण सभा. भिंत कुणाचीच नाही आणि मत प्रत्येकाला आहे.

पहिलं मत अकाउंट्सवाले साहेब देतात, ते वर्डला. कारण वर्ड आधीच घेतलेलं आहे. 1983 पासून जग त्यात पत्रं, अर्ज आणि राजीनामे लिहितंय, आणि तेवढ्यापुरतं त्याला तोड नाही. पण दोनशे पानांचं मॅन्युअल आलं की त्यातल्या तरंगत्या चौकटींना पाय फुटतात. वर कुठे दोन ओळी वाढल्या, की ‘आधी वीजपुरवठा बंद करा’ हा इशारा टुणकन पुढच्या पानावर जातो आणि ‘झाकण उघडा’ ही पायरी मागेच राहते. वाचणारा पान उलटेपर्यंत झाकण उघडलेलं असतं.

मग जुनीजाणती मंडळी फ्रेममेकरचं नाव काढतात. फ्रेममेकर करणारी कंपनी अडोबीने 1995 मध्ये विकत घेतली, पण भक्तांची निष्ठा ढळली नाही. जाडजूड पुस्तकं ते निमूट पेलतं, आकृत्यांचे क्रमांक सांभाळतं. अडचण एकच: त्याचं लायसन्स लिहिणाऱ्याकडे असतं, तपासणाऱ्याकडे नसतं.

नव्याने लागलेली पोरं मार्कडाउन सुचवतात. जॉन ग्रुबर यांनी 2004 मध्ये आणलेली ही पद्धत खरोखर सुटसुटीत आहे. साधा मजकूर, चार खुणा, झालं. मात्र मूळ मार्कडाउनमध्ये तक्त्यासाठी खूणच नव्हती. ती पुढे इतरांनी जोडली. तीही साध्या तक्त्यापुरती. आमचा जीव तर तक्त्यातच. कोणता बोल्ट किती न्यूटन-मीटरने आवळायचा, शिवाय मधले दोन रकाने एकत्र केलेले. तिथे मार्कडाउन हात वर करतं.

एखादा एम. टेक. झालेला लाटेकवर अडून बसतो. त्याच्या मुळाशी असलेलं टेक ही डोनाल्ड कनूथ यांची निर्मिती. 1977 मध्ये स्वतःच्या ग्रंथाची प्रुफं पाहून ते इतके वैतागले, की अक्षरजुळणीची नवी प्रणाली लिहायलाच बसले. काम थोडक्यात उरकेल असा त्यांचा अंदाज होता, दशक उलटलं. आमचा पंप दिवाळीआधी बाजारात जायचा असतो.

शेवटी सल्लागार डीटा मांडतात. आयबीएममध्ये जन्मलेल्या या पद्धतीला 2005 मध्ये प्रमाण मानक म्हणून मान्यता मिळाली. नावातला ‘डी’ चक्क डार्विनचा. इशारा एकदाच लिहायचा आणि हव्या त्या पुस्तकांत ओढून घ्यायचा; मूळ बदललं की सगळीकडे बदलतं. कल्पना नामी. पण सोबतच्या सिस्टमचं कोटेशन येतं, आणि साहेब चष्मा पुसत पुन्हा वर्डचा विषय काढतात.

या सगळ्या घोळात एका माणसाला कुणी विचारलेलं नसतं: मजकूर तपासणारा डिझाइन इंजिनिअर. त्याचं म्हणणं ठरलेलं, “मला वर्डमध्ये पाठव.” पाठवावं, तर तो प्रिंट काढतो, लाल पेनाने दुरुस्त्या करतो आणि पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर धाडतो. फोटोत त्याचा अंगठा बरोब्बर बोल्टच्या आकड्यावर.

तेव्हा वाचकहो, तुमच्यावर ही वेळ आली तर वैशिष्ट्यांच्या याद्या बाजूला ठेवा. तुमच्या मॅन्युअलमधलं सगळ्यात छळवादी प्रकरण घ्या: जोडरकान्यांचा तक्ता, पाच पुस्तकांत येणारा इशारा आणि झाकणाचं चित्र असलेलं. ते प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये करून बघा आणि कामात सगळ्यात बुडालेल्या इंजिनिअरकडे पाठवा. ज्यातून त्याची दुरुस्ती वाचता येईल अशी परत येते, ते घ्या. मॉडेलं ढीगभर आणि मजकूर तोच असेल, तर डीटाचा खर्च भरून निघतो. प्रोग्रामर स्वतःच लिहिणार असतील, तर मार्कडाउन बरं. आणि एकाच पंपाचं चाळीस पानी पुस्तक असेल, तर साहेबांचं ऐका. वर्ड पुरे, फक्त हेडिंगना स्टाइल लावा आणि इशारे मजकुराच्या ओळीतच ठेवा, तरंगू देऊ नका.