सातबाऱ्याच्या घडीस खुले पत्र

प्रति,
घडीबाई,
मु. शर्टाचा वरचा खिसा, जि. यवतमाळ.

सा. न. वि. वि.

सर्वप्रथम आपले अभिनंदन! अतिवृष्टीने पीक नेले, बोंडअळीने बोंडे नेली. पण गट नंबर पुसायचे काम कुणालाच जमले नव्हते. ते आपण खिशात बसल्या बसल्या केलेत.

पीककर्जाच्या खिडकीवर मात्र बोल कास्तकाराला : "काहून फाडला जी? एक कागद सांभाळता येत नाही?" आपले नाव कुणी काढत नाही. म्हणून ही जाहीर पोच.

कागद म्हणजे तंतूंचे जाळे. वाळताना तंतू एकमेकांना चिकटतात, त्या जोरावर कागद ओढ सोसतो. आणि तंतू जितका लांब, तितका तो उपटायला जड, म्हणून फाटायलाही जड. आपण नुसत्या बसता आणि दुमडीवरचे सांधे सुटतात, काही तंतू तर मोडूनच पडतात. यंत्रावरच्या कागदात बहुतेक तंतू धावत्या जाळीच्या दिशेने निजलेले असतात. म्हणून तो एका अंगाने सरळ फाटतो, दुसऱ्या अंगाने वेडावाकडा. आपण मोठ्या धोरणी! चौघडी घालून दोन्ही अंगे गाठता. दोन घड्या जिथे भेटतात, तिथे पहिले भोक. त्यात मे महिन्याचा घाम. ओलीने तंतूंची पकड सुटते. मग सगळा ताण भोकाच्या कडेशी गोळा होतो आणि कागद उलगडतानाचा एक झटका पुरतो.

आपला साथीदारही हजर आहे : स्वस्तातला कागद. निलगिरीचा तंतू जेमतेम एक मिलिमीटरचा; रद्दीचा पुन्हा लगदा केला की त्याहून आखूड. खिशात शेजारी बसलेल्या नोटेला आपण इतक्या सहज फाडत नाही, कारण ती शंभर टक्के कापसाची. पऱ्हाटी आम्ही लावायची, कापसाचा कागद नोटेला आणि आमच्या जमिनीला मात्र हा! वाटणी झकास आहे.

आता निकाल ऐका. आपल्याला खिशातून हद्दपार करण्यात येत आहे. कास्तकार बंधूंनो, सातबारा गुंडाळून किंवा पाकिटात सपाट ठेवा. आणि खिडकीपलीकडच्या साहेब, डिजिटल स्वाक्षरीचा उतारा ऑनलाइन पडताळता येतो. तो पडताळा, भोकावरून माणूस तपासू नका.

आपला नसलेला,
एक कास्तकार